गिटारमधून दुसरं वाद्य काढायचं तर आधी सुराची सुरुवात बदला

प्रश्न असा आहे: ग्रुप चार जणांचा. दोन इलेक्ट्रिक गिटार, एक बेस, एक ड्रम्स. कीबोर्ड वाजवणारं कोणी नाही. गाण्यांत मात्र व्हायोलिनचे पीस आहेत, ऑर्गनच्या कॉर्ड आहेत, एका गाण्यात सतारीची ओळ आहे. ही वाद्यं गिटारवर पेडलं (पायाने चालवायची, आवाज बदलणारी उपकरणं) लावून काढता येतील का, आणि सुरुवात कुठल्या पेडलने करावी?

काढता येतील. सुरुवात व्हॉल्यूम पेडलने करा. सतार किंवा ऑर्गन असं नाव छापलेलं पेडल नंतर बघू, कदाचित ते घ्यावंच लागणार नाही. व्हॉल्यूम पेडल आवाजाचा पोत अजिबात बदलत नाही, म्हणून हा सल्ला विचित्र वाटेल. पण वाद्य ओळखताना आपला कान पोताइतकंच लक्ष सूर सुरू कसा होतो याकडे देतो. 1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी घंटेचा नाद ध्वनिमुद्रित केला आणि त्यातला ठोक्याचा क्षण कापून टाकला. उरलेला नाद घंटेचा वाटेना. धातू तोच, कंपनं तीच, फक्त सुरुवात गेली होती.

गिटारवर हे आत्ता करून बघता येईल. गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर ठेवा, तार छेडा आणि करंगळीने नॉब हळूहळू उघडा. पिकचा 'टक्' नाहीसा झाला की गज फिरल्यासारखा सूर उमलतो. एकही पेडल न लावता गिटार अर्धी लपलेली असते.

त्यामुळे कुठलंही वाद्य काढायला बसलात की पेडलांकडे बघण्याआधी त्या वाद्याचं वागणं नीट ऐका. त्याचा सूर एकदम उभा राहतो की हळूहळू भरतो? भरल्यावर ओसरतो, टिकतो की आणखी वाढतो? एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं का? एका वेळी किती सूर वाजतात? वाजवणाऱ्याला मधे श्वास घ्यावा लागतो का? याची उत्तरं मिळाली की कुठलं पेडल लागणार ते बहुतेक ठरलेलंच असतं, आणि हातांनी काय करायचं तेही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण 'ही नुसती नक्कल झाली' असं तुम्हाला कोणीतरी ऐकवणार आहे. गिटारची काही सर्वांत नावाजलेली पेडलं नकलेच्या इच्छेतूनच आली आहेत. 1960-61 च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एका ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा आवाज फाटून आला. तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने तयार केलं आणि त्यातून 1962 मध्ये गिब्सन कंपनीचं मेस्ट्रो फझ-टोन बाजारात आलं. त्याची जाहिरातच मुळी गिटारमधून ब्रास, सेलो, ट्युबा असे आवाज काढा अशी होती. सुरुवातीला ते फारसं खपलं नाही. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सचं 'सॅटिस्फॅक्शन' ध्वनिमुद्रित करताना त्यांचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी ते लावलं, तेही ब्रास सेक्शनने वाजवायच्या ओळीचा कच्चा आराखडा म्हणून. तो आराखडाच रेकॉर्डवर राहिला. वाह पेडलची कथाही तशीच. कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट यांनी 1966 मध्ये ते सर्किट बांधलं आणि 1967 च्या पेडलवर नाव आलं ते क्लाइड मॅकॉय यांचं. हे गृहस्थ ट्रम्पेटवादक होते. ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट हलवून जो 'वा-वा' आवाज निघतो तो पायाने काढायचा, ही त्यामागची कल्पना. तुम्ही जे करू पाहताय ते या वाद्याच्या परंपरेला धरूनच आहे.

आता व्हायोलिन आणि सेलो. तुमच्या गाण्यांत पीस व्हायोलिनचे असले तरी सरावाला सेलो घ्या, कारण गिटारचं अंग सेलोच्या जवळचं आहे. गजाने वाजणाऱ्या तारेची हालचाल करवतीच्या दात्यांसारखी असते. तार गजाला चिकटून सरकते, सुटते, पुन्हा चिकटते. त्यामुळे त्या सुरात वरचे सगळे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, भरपूर असतात आणि गज फिरत असेपर्यंत ते टिकतात. छेडलेल्या तारेत वरचे स्वरांश सर्वांत आधी मरतात. ही तूट भरून काढायला फझ किंवा जास्त गेनचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, लागतं. ते नवे स्वरांशही घालतं आणि सूर दाबून लांबवतंही.

मांडणी अशी करा. गळ्याकडचा पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकी भाग), टोन नॉब निम्म्याच्या खाली. मग कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा), मग फझ, त्यानंतर व्हॉल्यूम पेडल, मग इक्वलायझरवर साधारण 3 किलोहर्ट्झच्या वरचा भाग बराच कमी, शेवटी थोडा डिले (प्रतिध्वनी) आणि हॉलचा रिव्हर्ब (घुमारा). व्हॉल्यूम पेडल फझच्या आधी लावलं तर पेडल उघडताना आवाजाचा पोतही बदलत जातो, आधी स्वच्छ आणि मग फाटका. इथे ते नको आहे. फझनंतर लावलं की पोत एकसारखा राहतो आणि फक्त माप बदलतं. डिले आणि रिव्हर्ब मात्र व्हॉल्यूम पेडलनंतरच हवेत, म्हणजे पाय मिटला तरी मागच्या सुराची शेपटी राहते आणि पुढचा सूर तिच्यात मिसळतो. दोन सुरांमधली फट अशी बुजते. हा क्रम चुकला तर प्रत्येक सूर तुटक येतो आणि पेडल कितीही भारी असलं तरी गज वाटत नाही.

आता हात. सेलोवाला एका गजात तीन-चार सूर घेतो, प्रत्येक सुराला गज उलटत नाही. तुम्हीही प्रत्येक सुराला पाय वरखाली करू नका. पहिला सूर पायाने उघडा, पुढचे पुन्हा न छेडता, डाव्या हाताच्या बोटांनीच, हॅमर-ऑन, पुल-ऑफ आणि स्लाइडने घ्या आणि ओळीच्या शेवटी पाय मिटा. कंपन देताना रॉकची सवय आड येते. तार आडवी ओढून दिलेलं कंपन सूर फक्त वर नेतं. क्लासिकल गिटारवाले बोट तारेच्या लांबीच्या दिशेने हलवतात, त्यात सूर वर आणि खाली दोन्हीकडे झुलतो. तेच वापरा, सेकंदाला पाच-सहा झोके, आणि सूर भरल्यावरच सुरू करा. मोकळ्या तारा टाळा, कारण त्यांना कंपन देता येत नाही.

पट्टीचा विचार करा. व्हायोलिनच्या नेहमीच्या मिळवणीत सर्वांत खालची तार जी, म्हणजे 196 हर्ट्झ. गिटारची तिसरी मोकळी तारही तीच. म्हणजे व्हायोलिनची ओळ तिसऱ्या तारेच्या खाली गेली की पोत कितीही जमलेला असो, ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं. सेलो मात्र 65 हर्ट्झच्या सीपर्यंत खाली जातो. गिटारची सहावी तार 82 हर्ट्झवर थांबते, तेव्हा खालची तार डी किंवा सीपर्यंत उतरवून घ्यायला हरकत नाही.

एका गिटारमधून व्हायोलिनचा ताफा हवा असेल तर कोरस पेडलवर विसंबू नका. कोरस एकाच सुराची एकाच चालीने डोलणारी प्रत बनवतं. खऱ्या ताफ्यात प्रत्येकाचं कंपन वेगळं, प्रत्येकाचा सूर केसभर पुढे-मागे. लूपर (वाजवलेली ओळ भरून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) असेल तर तीच ओळ तीनदा भरा. एकदा कंपन जास्त, एकदा अगदी कमी, एकदा वेगळ्या तारेवर. पोतातला फरक लगेच ऐकू येईल.

पायाला हे जमेपर्यंत आपोआप सूर उमलवणारी पेडलंही आहेत. बॉसचं स्लो गिअर 1979 मध्ये आलं, ते थोड्याच वर्षांत बंद झालं, पण तीच सोय आज बहुतेक मल्टी-इफेक्टमध्ये, म्हणजे अनेक पेडलांचं काम करणाऱ्या एका डब्यात, मिळते. त्याची अडचण एवढीच की प्रत्येक सुराआधी आवाज थोडा खाली यावा लागतो, तेव्हाच ते नव्याने उमलवतं. जलद ओळीत ते गोंधळतं. ईबो हे वेगळंच साधन आहे, पेडल नव्हे. ग्रेग हीट यांनी शोधलेलं आणि 1976 पासून विकलं जाणारं हे हातातलं छोटं यंत्र चुंबकीय क्षेत्राने तार हलती ठेवतं, तेव्हा सूर हवा तितका वेळ टिकतो. एकच तार चालते, पण संथ सेलोसाठी यासारखं दुसरं काही नाही.

ऑर्गनची गोष्ट उलटी आहे. इथे सूर उमलत नाही, एकदम उभा राहतो आणि कळ सोडेपर्यंत तसाच राहतो. 1935 मध्ये आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये कळ जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाज तेवढाच. चढउतार सगळा पायाच्या पेडलवर. शिवाय ड्रॉबार ओढून एकाच कळेवर मूळ सूर, खालचं सप्तक, वरचं सप्तक, पंचम असे थर चढवलेले असतात. गिटारवर हे थर बनवायला एकाहून जास्त सूर ओळखणारं ऑक्टेव्ह पेडल लागतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग 2005 मध्ये आलं तेव्हापासून पूर्ण कॉर्डवर वरचं-खालचं सप्तक स्वच्छ मिळू लागलं. जुन्या पद्धतीचं बॉस ओसी-2 सारखं पेडल इथे चालणार नाही. ते एका वेळी एकच सूर मोजतं, कॉर्ड दिली की अडखळतं.

कॉम्प्रेसर बऱ्यापैकी घट्ट, मग ऑक्टेव्ह पेडल. त्यात वरचं सप्तक ठळक, खालचं थोडं, मूळ सूर निम्मा. मग हलकं ओव्हरड्राइव्ह आणि त्यानंतर फिरत्या स्पीकरचा इफेक्ट. डॉन लेस्ली यांच्या स्पीकरपेटीत अँप्लिफायर आधी आवाज रापवतो आणि मग तो फिरत्या भोंग्यातून बाहेर पडतो, म्हणून पेडलांचाही क्रम तोच. लेस्लीचा भोंगा मंद चालीत मिनिटाला 50 च्या आसपास फिरतो आणि जलद चालीत 400 च्या आसपास, म्हणजे सेकंदाला एका झोक्याहून कमी आणि सहा-सात झोके. गंमत या दोन वेगांपेक्षा एकातून दुसऱ्यात जाण्यात आहे. वरचा हलका भोंगा चटकन वेग घेतो, खालचा जड ढोल मागून रेंगाळत येतो. चांगल्या रोटरी पेडलमध्ये हे रेंगाळणं असतं, साध्या कोरस किंवा ट्रेमोलोमध्ये नसतं. पेडल निवडताना मी हीच एक गोष्ट ऐकतो. कॉर्ड धरा, मंदवरून जलदवर जा आणि मधले दोन-तीन सेकंद काय होतं ते ऐका. दोन अँप किंवा साउंडवाल्याकडे दोन चॅनेल मिळत असतील तर स्टीरिओत लावा, मोनोत या इफेक्टचं अर्धं सौंदर्य जातं.

वाजवताना पिक बाजूला ठेवा. अंगठा आणि तीन बोटांनी चारही तारा एकाच क्षणी उचला. स्ट्रम केलात की खालून वर सरकत जाणारा आवाज गिटारचं गुपित फोडतो. बॅरे कॉर्डचे सहा सूर नकोत, तीन-चार पुरे. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना सामाईक सूर जागेवर ठेवून बाकीची बोटं जवळच्या जवळ हलवा, ऑर्गनवाला तेच करतो. कॉर्ड संपवताना डावा हात एकदम सैल करा, सगळे सूर एकत्र थांबले पाहिजेत. हॅमंडमध्ये कळ लागताना एक बारीक 'टिक' येते, तेव्हा बोटाचा थोडा आवाज राहिला तर तो इथे उपकारकच आहे.

लांब धरलेल्या कॉर्डला गिटार पुरत नाही. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं फ्रीझ पेडल वाजत्या आवाजाचा एक क्षण पकडून तो अखंड वाजत ठेवतं. ते ऑक्टेव्ह पेडलनंतर आणि रोटरीच्या आधी लावा, म्हणजे थिजलेली कॉर्ड फिरत राहते आणि जिवंत वाटते. त्याच कंपनीचं 2014 चं बी9 हे सगळं एका डब्यात देतं आणि छान देतं. 2016 च्या मेल9 मध्ये मेलोट्रॉनवरून (टेपवर भरलेले आवाज कळांनी वाजवणारं जुनं वाद्य) घेतलेले तंतुवाद्यवृंद, सेलो, बासरी, क्लॅरिनेट, ब्रास, गायकवृंद असे नऊ आवाज आहेत. त्यातला सेलो आणि गायकवृंद मला विशेष आवडतात. पण वर सांगितलेल्या हातांच्या गोष्टी या डब्यांनाही लागू आहेत. बी9 मध्ये स्ट्रम टाकलात तर आजारी ऑर्गन मिळेल.

हार्मोनियम ऑर्गनच्याच वाटेने जाते, पण तिचे नियम कडक आहेत. पेटीवर मींड नाही. सूर वाकत नाही, झुलत नाही. भात्याने आवाज भरतो आणि ओसरतो, एवढीच हालचाल. तेव्हा गिटारवर बेंड, स्लाइड, कंपन तिन्ही पूर्ण बंद करा. नुसतं एवढं केलं तरी अर्धी पेटी येते. मूळ सूर आणि खालचं सप्तक जवळपास सारखं ठेवा, म्हणजे दुहेरी रीडची पेटी होते. अगदी थोडं डिट्यून (सूर केसभर हलवणं), मधल्या पट्ट्या इक्वलायझरने थोड्या वर आणि व्हॉल्यूम पेडलने भाता. पेटीवर ज्या मुरक्या आणि खटके घेतात ते हॅमर-ऑनने सुरेख येतात.

सतारीचं रहस्य घोडीत आहे. सतारीची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार तिच्यावर घासत, पृष्ठभागाला हलकी चाटत कंप पावते आणि त्यामुळे सूर वाजत असताना त्यातले वरचे स्वरांश एकामागून एक उजळत जातात. हीच जवारी. मिरजेच्या आसपास राहत असाल तर तिथल्या कारागिरांना जवारी लावताना पाहून या. कानशीच्या दोन-चार फटक्यांनी आवाज कसा उघडतो-मिटतो ते पाहिलं की पेडलवर काय शोधायचं ते कळतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांमुळे.

पेडलमध्ये हा उजळण्याचा परिणाम एन्व्हलप फिल्टरने जवळपास येतो, ज्याला लोक ऑटो-वाह म्हणतात. रेझोनन्स जास्त, हालचाल लहान आणि सूर सुरू झाल्यावर लगेच होणारी. घोडीकडचा पिकअप, आधी कॉम्प्रेसर, फिल्टरनंतर वरच्या सप्तकाचा अगदी हलका थर. तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारांसाठी लांब, उजळ रिव्हर्ब मागे ठेवा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या रॅव्हिश सितारमध्ये तरफांसाठी वेगळा थर आहे आणि तो गाण्याच्या पट्टीत जुळवता येतो. खर्च करायचाच असेल तर तो एक मार्ग.

पण मला जास्त विश्वास वाटतो तो तारेवर थेट काही करण्याचा. 1967 मध्ये व्हिन्सेंट बेल यांनी डॅनइलेक्ट्रोसाठी रचलेल्या कोरल इलेक्ट्रिक सतारीत इलेक्ट्रॉनिक करामत नव्हती. तार घासेल अशी सपाट घोडी आणि बाजूला तेरा तरफा, एवढंच. त्याच तत्त्वावर घोडीजवळ तारांमधून जाड कागदाची अरुंद पट्टी ओवून बघा. तार तिला चाटते आणि झणझणते. अमेरिकी गायक जॉनी कॅश यांनी याच रीतीने तारांखाली डॉलरची नोट खोचून स्नेअर ड्रमसारखा आवाज काढला होता. पट्टी घोडीपासून किती दूर, किती घट्ट, यावर झणझण बदलते आणि नेमकी जागा सापडायला वेळ लागतो. तानपुऱ्याच्या तारेखाली सूत सरकवून जीव शोधतात तसंच हे काम आहे, तेवढ्याच सबुरीने करा.

हात इथे सर्वांत महत्त्वाचे. ओळ एकाच तारेवर वाजवा, आडव्या दिशेने, फ्रेटबोर्डच्या लांबीवर. चौकोनी बॉक्समध्ये वाजवलेली पेंटाटॉनिक कुठल्याही पेडलमधून सतार होणार नाही. बारीक तारा लावा, पहिली 9 ची (0.009 इंच जाडीची) असलेला सेट, म्हणजे तिसऱ्या तारेवर दोन-तीन अर्धस्वरांची मींड हाताला झेपते. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वर ओढतात, तेवढं गिटारवर होणार नाही, लांब मींड अर्धी ओढून आणि अर्धी घसरून पूर्ण करा. आणखी एक करता येतं: आधी तार ओढून ठेवा, मग छेडा आणि सूर खाली उतरवा. उतरती मींड आली की ऐकणारा सतारीवर विश्वास ठेवतो. मधून मधून वरची मोकळी तार चिकारीसारखी (सतारीवर ठेक्यासाठी छेडतात त्या तारेसारखी) छेडा, अर्थात ती गाण्याच्या षड्जाला किंवा पंचमाला मिळवून.

ब्रासच्या ओळी तुमच्या यादीत नाहीत, पण कधीतरी लागतील. फझ, नंतर वाह पेडल मधेच एका जागी थांबवून ठेवलेलं. थांबलेलं वाह एका पट्ट्याला उठाव देतं आणि तोंडाच्या पोकळीसारखा आकार येतो. सूर व्हायोलिनपेक्षा चपळ उघडायचा, 'आऽ' नाही तर 'टा'. मुख्य म्हणजे श्वास. ओळ मनात फुंकून वाजवा. जिथे ट्रम्पेटवाल्याचा दम संपेल तिथे तुम्हीही थांबा. हा नियम बासरीलाही. बासरीसाठी गळ्याकडचा पिकअप, टोन पूर्ण बंद, बाराव्या फ्रेटच्या वर बोटाच्या मांसल भागाने छेडलेला सूर, व्हॉल्यूम पेडलने सुरुवात मऊ. फुंकरीचा आवाज पेडलने आणायच्या मागे लागू नका, तो नकली वाटतो. रिव्हर्ब पुरेसा आहे.

घंटा आणि धातूची वाद्यं रिंग मॉड्युलेटरने येतात. ते तुमच्या सुराची आणि पेडलमधल्या ठरलेल्या सुराची बेरीज आणि वजाबाकी वाजवतं. तुम्ही 440 हर्ट्झचा सूर दिला आणि पेडल 300 वर असेल तर 740 आणि 140 ऐकू येतात. त्यांचं एकमेकांशी नातं बेसूर असतं, आणि घंटेतही तसंच असतं. एक-दोन सुरांपुरतं छान, पूर्ण ओळीला त्रासदायक. पियानोच्या मागे लागू नका. त्याचा ठोका, त्याची पेटी आणि दहा बोटं यातलं काहीच गिटारवर पटण्यासारखं येत नाही. पियानोची ओळ सरळ स्वच्छ गिटारवर वाजवा, गाण्याला तेच शोभतं.

सूर ओळखून दुसरा आवाज बनवणारी पेडलं कधीकधी मागे पडल्यासारखी वाटतात. पुष्कळदा दोष पेडलचा नसतो. सहाव्या मोकळ्या तारेचं एक कंपन पूर्ण व्हायला सुमारे 12 मिलीसेकंद लागतात. सूर कोणता हे सांगायला यंत्राला निदान एक-दोन कंपनं तरी बघावी लागतात. पहिल्या तारेच्या बाराव्या फ्रेटवर हेच काम दीड मिलीसेकंदाच्या कंपनात होतं. म्हणून खालची ओळ हवी असली तरी वरच्या तारांवर वाजवा आणि पेडलने एक सप्तक खाली उतरवा. याच कारणासाठी अशी पेडलं साखळीच्या सुरुवातीला, स्वच्छ आवाजावर ठेवा. आधी कॉम्प्रेसर चालेल, फझ किंवा डिले नको. जुन्या धाटणीचं जर्मेनियम फझ असेल तर ते मात्र गिटारला थेट जोडलेलं हवं, त्याच्याआधी बफर (सिग्नल बळकट करणारं सर्किट) आला की ते पातळ वाजतं. दोन्ही असतील तर ऑक्टेव्ह पेडल बंद असताना सिग्नल थेट जाऊ देतं का ते तपासा. विजेच्या बाबतीत काटकसर नको. डिजिटल पेडलांना बॅटरी पुरत नाही, आणि एकाच अडॅप्टरवर सगळी साखळी चालवली की शिट्टीसारखा आवाज मिसळतो. वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्या आणि प्रत्येक पेडलची मिलीअँपिअरची गरज बघून जोडा.

अँपही वाद्य बदलतो. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. सेलो, ब्रास आणि ऑर्गनला ते बरं पडतं, फझची धार आपोआप मावळते. सतारीची झणझण आणि घंटा मात्र त्यात गुदमरतात. त्यांच्यासाठी डीआय बॉक्समधून थेट साउंड सिस्टिमला जा.

विकत घेण्याचा क्रम विचारलात. व्हॉल्यूम पेडल, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्बसह डिले, एवढ्यावर तुमचे व्हायोलिनचे पीस उभे राहतात, फझ किंवा ओव्हरड्राइव्ह तुमच्याकडे असेलच. पुढचा खर्च कॉर्ड झेलणाऱ्या ऑक्टेव्ह पेडलवर, मग रोटरीवर. सतार एकाच गाण्यात आहे, तेव्हा तिच्यासाठी आधी कागदाची पट्टी आणि मल्टी-इफेक्टमधला ऑटो-वाह. घरी मल्टी-इफेक्ट पडून असेल तर नवीन काही न घेता वरच्या सगळ्या मांडण्या त्यात रचून बघा.

शेवटी दुसऱ्या गिटारवाल्याबद्दल, कारण तुमच्या ग्रुपमध्ये दोन गिटार आहेत आणि बहुतेक बिघाड इथे होतो. खोलीत एकट्याने ऐकलेला सेलो कितीही हुबेहूब असला, तरी शेजारी दुसरी गिटार त्याच पट्टीत पूर्ण स्ट्रम मारत असेल तर तुमचा उमललेला सूर तिच्या पिकच्या आवाजाखाली जातो आणि ऐकणाऱ्याला दोन गिटारच ऐकू येतात. पीस येतो तेव्हा दुसऱ्याने हात दाबून, खालच्या तारांवर, कमी सुरांत वाजवावं. ऑर्गनची कॉर्ड धरली असेल तेव्हा त्याने कॉर्ड पूर्ण सोडून फक्त ठेक्याच्या जागा घ्याव्यात. सतारीच्या ओळीत तर एकच षड्ज धरून ठेवला तरी चालेल. पुढच्या सरावाला पेडलं जुळवण्याआधी तुम्ही दोघं बसून प्रत्येक गाण्यात कोण कुठल्या सप्तकात वाजवणार ते लिहून काढा, आणि मग नॉबना हात लावा.